एक ओ की दोन?

माकणीत मी पाट्या रंगवतो. फ्लेक्स आल्यापासून काम घटलं, पण शटरवर नाव घालायला अजून ब्रशच लागतो. परवा एक वहिनी आल्या. म्हणाल्या, "दादा, दुकान बायकांचंच आहे, पण पार्लर नको. सलोन लिहा, इंग्रजीत." मी खडूनं आखताना दोन ओ घातले, तशी बी.ए.ला असलेली त्यांची लेक हसली. "काका, दोन ओ घातले की अमेरिकेत त्याचा गुत्ता होतो!"

पोरगी खरं बोलत होती. रात्री शब्दकोश काढून बसलो. मूळ शब्द फ्रेंच, 'सलों'. त्याच्यामागे इटालियन 'सालोने', म्हणजे मोठं दालन, आपला दिवाणखानाच. पॅरिसात सतराव्या शतकापासून थोरामोठ्यांच्या बायका अशा दालनांत लेखक-पंडितांना बोलवून बैठकी भरवायच्या. इंग्रजांनी शब्द उचलला आणि त्याचं दोन ओवालं सलूनही केलं. रेल्वेच्या साहेबाचा खास डबा सलून, अमेरिकेत दारूचं दुकान सलून, आणि आमच्याकडं वारिकाची खुर्ची सलून. (हजामत हा शब्द तर अरबी. मुळात तुंबडी लावून रक्त काढणं असा त्याचा अर्थ.)

पार्लरनं मात्र मला थांबवलं. फ्रेंचमध्ये 'पार्ले' म्हणजे बोलणं. ख्रिस्ती मठात मौन असायचं, म्हणून बोलण्यापुरती एक खोली राखलेली, ती पार्लर. पुढं घरात पाहुण्यांना बसवायच्या खोलीला तेच नाव पडलं. वाचलं आणि मामाच्या वाड्यातली ढाळज आठवली. दरवाजातून आत शिरलं की दोन्ही अंगांना उंच कट्टे, वर माळवद, खाली दिवसभर माणसं बोलत बसलेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात आमच्या भागातली दगडमातीची घरं कोसळली. नंतरच्या सिमेंटच्या घरांत हॉल आला, टीव्ही आला. ढाळज काही आली नाही.

ती बोलणारी माणसं आता सलूनमध्ये असतात. पूर्वी वारीक धोकटी घेऊन दारी यायचा, त्याचं बलुतं खळ्यावर मिळायचं. आता गिऱ्हाईकच त्याच्याकडं जातं. धरणात पाणी किती, सोयाबीनला भाव काय, सरपंचाचं काय चाललंय, सगळं तिथं कळतं. दाढी न करताही माणूस तासभर बसतो. अर्थानं पाहिलं तर पार्लर म्हणायला हवं ते यालाच. आणि ज्याला पार्लर म्हणतात त्याच्या दाराला पडदा, वर 'पुरुषांना प्रवेश नाही', तेही मीच रंगवलेलं. आत बोलणं कमी असतं असं नाही. शिडीवर उभं राहून मी ते हसणं ऐकलंय.

दुसऱ्या दिवशी वहिनींना विचारलं, मराठीत काय लिहू? सलोन लिहिलं तर गावातला गडी सलून वाचणार आणि दाढीला आत शिरणार. त्या विचारात पडल्या. शेवटी वर इंग्रजीत एका ओचं सलोन, खाली मराठीत 'ब्युटी पार्लर, फक्त महिलांसाठी'. मी दोन्ही ओळींचे पैसे लावले.