लायसन्स लागत नाही, म्हणजे काय?

गेल्या दिवाळीत माझ्या बहिणीने अकरावीतल्या मुलासाठी विजेवर चालणारी स्कूटर घेतली. दुकानदार म्हणाला, ‘ताई, हिला नंबर नको, लायसन्स नको, हेल्मेट नको.’ तो खोटे बोलला नव्हता. पण महिन्याभरात गल्लीतल्या मेकॅनिकने पाचशे रुपयांत तिच्या वेगाचे ‘लॉक’ काढून दिले आणि गाडी पंचेचाळीसने पळू लागली. भाचा खूश!

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तरच अशी दुचाकी ‘मोटार वाहन’ धरली जात नाही. यातली एक अट जरी मोडली, तरी नोंदणी, हिरवी नंबर प्लेट, लायसन्स, विमा, हेल्मेट सगळे आलेच. लॉक काढलेल्या गाडीजवळ यांतले काहीही नसते. शिवाय चालवणारा अल्पवयीन असेल, तर २०१९च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि हो, सिग्नल आणि एकेरी रस्ता यांतून कमी वेगाच्या गाडीलाही सूट नाही. तिला विम्याची सक्ती नसते, त्यामुळे कुणाला धडक बसली तर भरपाई आपल्याच खिशातून द्यायची वेळ येते.

बरे, लॉक काढलेच नाही असे धरू. तरी हेल्मेट घालावे का? ताशी २५चा वेग म्हणजे सुमारे आठ फुटांवरून खाली पडताना येणारा वेग. पंचेचाळीसला हीच उंची सव्वीस फुटांवर जाते. वेग दुपटीहूनही कमी वाढला, उंची मात्र तिपटीहून जास्त! हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर अशा वेळी स्वतः चेपला जातो आणि डोक्यावरचा धक्का सौम्य करतो. एकदा चेपला की तो पुन्हा फुगत नाही. म्हणून जोराने आपटलेले हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसो, बदलायचेच. आयएसआय खूण पाहून घ्या, पट्टा हनुवटीखाली नीट लावा. आरशाला अडकवलेले हेल्मेट फक्त आरशाचे रक्षण करते.

पडताना माणूस आधी हात टेकतो, म्हणून हातमोजे हवेत. चपलेऐवजी बूट बरे.

या गाडीचा खरा धोका तिच्या गुणातच आहे. ती आवाज करत नाही. मंडईत पिशवी घेऊन वळणाऱ्या आजोबांना मागून गाडी आल्याचे कळतच नाही. तिथे हॉर्नपेक्षा वेग कमी करणे कामाचे. उभी असतानाही ती चालू आहे की बंद, हे कानाला समजत नाही. पुढे उभ्या केलेल्या पोराने मूठ पिळली की गाडी सुटलीच. थांबलात की आधी किल्ली फिरवा. मोटर पहिल्या क्षणापासून जोर लावते, त्यामुळे पावसात झेब्रा पट्ट्यांवर किंवा गटाराच्या लोखंडी झाकणावर मूठ हळूच फिरवावी.

भाच्याची गाडी बहिणीने पुन्हा त्याच मेकॅनिककडे नेली. लॉक परत बसवायचे त्याने सातशे घेतले.