सहा टाक्यांपासून पोपटापर्यंत

कबनूरच्या कोणत्याही गल्लीत शिरा, माणसांच्या बोलण्याआधी मागांची खडखड आपल्या कानांवर पडते. इचलकरंजी कोठे संपते आणि कबनूर कोठे सुरू होते, हे नवख्याला कळत नाही; दोन्हीकडे आवाज तोच. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून या परिसराने सुतावर संसार उभे केले आणि त्या संसारांची किंमत अनेकांच्या कानांनी चुकवली.

आमचे मामंजी पस्तीस वर्षे साध्या मागांवर होते. धोटा थांबला की तुटलेला तार शोधायचा, क्षणात गाठ मारायची आणि माग पुन्हा सुरू करायचा, हे त्यांचे काम. माग सुटला तेव्हा घरात आराम मिळेल असे आम्हांला वाटले. प्रत्यक्षात ते कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प बसू लागले. विचारले एक की उत्तर भलतेच येई. ‘वय झाले, विसरतात,’ असा आम्ही आपसांत निकालही देऊन टाकला. कानांची तपासणी झाली तेव्हा कळले, की ते विसरत नव्हते. त्यांना ऐकूच येत नव्हते.

आपल्याकडील कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी आवाजाची कमाल मर्यादा ९० डेसिबल धरली जाते. मागांच्या शेडमध्ये ती सहज ओलांडली जाते. अशा आवाजाने कानाच्या आतील सूक्ष्म केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. कर्णयंत्राने उरलेल्या श्रवणशक्तीला आधार मिळतो, गेलेली परत येत नाही. ऐकू न येणारा माणूस हळूहळू बोलण्यातून आणि मग माणसांतून बाहेर पडतो, हे अधिक गंभीर. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने २०२० आणि २०२४ या दोन्ही अहवालांत श्रवणदोषाची गणना स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींत केली आहे.

पिंजऱ्याला पर्याय

याच सुमारास माझ्या सहा वर्षांच्या मुलीने एका परिचितांकडे पिंजऱ्यातला पोपट पाहिला आणि आपल्यालाही तसाच हवा म्हणून हट्ट धरला. वाचकहो, आपल्या घरीही असा हट्ट होत असेल, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार देशी पोपट पकडणे, विकणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. शिवाय पोपटांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे गेल्यास सिटॅकोसिस नावाचा जंतुसंसर्ग होऊ शकतो. ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला आणि कधी न्यूमोनिया, असे त्याचे स्वरूप असते. पक्षी घरात असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

मी मुलीला म्हटले, “आपण लोकरीचा पोपट करू.” क्रोशाचे रुमाल आणि तोरणे मी माहेरी शिकले होते. सुई हातात घेऊन बसले, तोच खुर्चीतून मामंजींचा हात पुढे आला. “आण इकडे. सूतच आहे ना?”

पहिल्या संध्याकाळी त्यांनी सहा वेळा उसवले. मागावर गाठ मारणारी बोटे सूत घट्ट ओढत, त्यामुळे सुई टाक्यात शिरेना. “आबा, सैल सोडा,” नात सांगे. ते ऐकू येत नसे. मग ती समोर बसली आणि ओठ हलवून, बोटे दाखवून टाके मोजू लागली. ते तिच्या तोंडाकडे पाहून मोजू लागले. एक, दोन, तीन... कित्येक महिन्यांत त्या दोघांचे इतके सलग संभाषण झाले नव्हते.

पोपट कसा विणावा

भरीव खेळणी विणण्याच्या या पद्धतीला जपानी भाषेत ‘अमिगुरुमी’ म्हणतात. ‘अमि’ म्हणजे विणलेले आणि ‘नुइगुरुमी’ म्हणजे भरलेले खेळणे. तिचे मर्म एकच: सुई लोकरीच्या मानाने लहान घ्यावी, म्हणजे वीण दाट होते आणि भराव बाहेर डोकावत नाही. चारपदरी सुती धाग्याला अडीच मिलिमीटरची सुई चालते.

सुई टाक्यात घालून धागा ओढावा. सुईवर दोन फेरे झाले की पुन्हा धागा घेऊन दोन्हींतून एकदम काढावा. हा मुका खांब. सारा पोपट याच टाक्याने होतो.

हिरव्या धाग्याचे सैल कडे करून त्यात सहा मुके खांब घालावेत आणि कडे ओढून घ्यावे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे बारा. तिसरीत एकाआड एक टाका वाढवून अठरा, चौथीत दर तिसरा टाका वाढवून चोवीस. पुढच्या पाच फेऱ्या चोवीसच्याच ठेवाव्यात, हे डोके. दहाव्या फेरीत दोन साधे टाके आणि पुढच्या दोन टाक्यांचा एक, असे करत अठरावर यावे, ही मान. अकराव्या फेरीत पुन्हा चोवीस आणि बाराव्या फेरीत तीस करावेत. मग तीसच्या सहा फेऱ्या, हे पोट. त्यानंतर दर फेरीला सहा टाके घटवत चोवीस, अठरा, बारा, सहा. अठरा टाके उरले की भराव घालावा आणि शेवटचे तोंड शिवून टाकावे.

फेऱ्या न थांबता गोलाकार वर चढत जातात, म्हणून प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवावा. आमच्याकडे हा दोरा पुढे सरकवण्याचे काम नातीचे आहे.

नर पोपटाच्या गळ्याला गुलाबी-काळा कंठ असतो, मादीला नसतो. नर हवा असल्यास मानेची फेरी गुलाबी धाग्याने विणावी. पंखांसाठी बारा टाक्यांच्या दोन चकत्या करून दुमडून शिवाव्यात. शेपूट लांब आणि निमुळते, चोच लाल आणि खाली वळलेली. चोचीचा बाक साधला की पोपट ओळखू येतो.

परीक्षक आपणच

१ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात बाजारातील खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले. घरी विणलेल्या पोपटाची मात्र कोणत्याही प्रयोगशाळेत तपासणी होत नाही; त्याचे परीक्षक आपणच.

आमच्या पहिल्या पोपटाला मी काळ्या मण्यांचे डोळे लावले होते. चार दिवसांनी एक मणी पलंगाखाली सापडला. शेजारचे दहा महिन्यांचे बाळ रोज त्याच जागी रांगत येई. त्या दिवसापासून आमच्या पोपटांचे डोळे काळ्या धाग्याने भरतात. तीन वर्षांखालील मुलांसाठी मणी, बटण, घुंगरू वा टाचणी यांपैकी काहीही वापरू नका. पंख, शेपूट आणि चोच दुहेरी शिवून ताकदीने ओढून पाहा. आपल्या हाताने सुटले, तर बाळाच्या दाताने सुटणारच.

मामंजींनी पहिला भराव जुन्या गादीच्या कापसाचा घातला. धुतल्यावर त्याचे गोळे झाले आणि आत ओल राहून कुबट वास सुटला. म्हणून धुता येणारा पॉलिएस्टरचा स्वच्छ भराव घ्यावा. मागाखालची रुई तर मुळीच नको, तिच्यात धूळ असते. खळ दिलेले उरलेले सूतही तोंडात जाणाऱ्या खेळण्याला वापरू नये.

पाळण्यावर चिमणाळे टांगण्याची आपली जुनी रीत आहे. त्यात हा पोपट शोभतो. पण तो बाळाच्या हाताला लागणार नाही इतका उंच असावा आणि बाळ हातांवर जोर देऊन उठू लागले की काढून टाकावा. वर्षाच्या आतील बाळाच्या झोपण्याच्या जागी मऊ खेळणे ठेवू नये, कारण त्याने नाक-तोंड झाकले जाऊ शकते.

हातांची काळजी

विणणाऱ्याने वीस मिनिटांनी सुई खाली ठेवून बोटे उघडावीत, मिटावीत, मनगट सैल फिरवावे. सुईला कापडाची पट्टी गुंडाळून मूठ जाड केली, की संधिवाताच्या बोटांना पकड सोपी जाते. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊ लागल्या, तर मनगटातली शीर दाबली जात असण्याची शक्यता असते. विणकाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

याने मनाला लाभ होतो का? ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी क्रोशे विणणाऱ्या ८,३९१ जणांना हा प्रश्न विचारला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ८९.५ टक्के लोकांनी विणताना शांत वाटते असे सांगितले. उत्तरे देणारे आधीपासून या छंदाचे चाहते होते, हे विसरू नये. क्रोशे हे औषध नव्हे आणि कर्णयंत्राला पर्यायही नव्हे.

मामंजींना आता कर्णयंत्र आहे. ते रोज लावतात असे नाही. लावले की भांड्यांचा आवाज फार होतो, म्हणतात. पण आम्ही एक शिकलो आहोत. त्यांच्याशी पाठमोरे बोलायचे नाही. समोर बसायचे, उजेड आपल्या तोंडावर पडू द्यायचा, ओरडायचे नाही, सावकाश बोलायचे. नातीला हे कोणी शिकवले नव्हते. टाके मोजताना ते तिला आपोआप सापडले.

आपल्या घरातही कोणी असे कोपऱ्यात बसले असेल, तर आधी त्यांचे कान तपासून घ्या. मग लोकरीचा एक गुंडा त्यांच्या हाती द्या आणि मूल समोर बसवा. पोपट थोडा वाकडा झाला तरी चालेल. आमच्या आठव्या पोपटाची मान अजून डावीकडे कललेली आहे. नात म्हणते, तो आबांचे ऐकतो आहे.