भात डावीकडे, सूप उजवीकडे!
क्योटोत मैत्रिणीच्या घरी टेबल मांडायचं काम मी हौसेनं मागून घेतलं. भाताचा बाऊल डावीकडे, मिसो सूप उजवीकडे, इथवर जमलं. चॉपस्टिक्स मात्र भातात उभ्या खोचल्या. सगळे एकदम गप्प! तिचे आजोबा महिन्यापूर्वीच गेले होते आणि अशा उभ्या काड्या तिथे मृतासाठी ठेवलेल्या भातात खोचतात. तिच्या आईंनी काही न बोलता त्या काढून समोर आडव्या ठेवल्या, टोकं डावीकडे.

मग साकेसाठी ओचोको, दोन-तीन घोटांचे इवलेसे प्याले. (चहाचा बिनकानाचा युनोमी वेगळा, बरं का!) आपला प्याला आपण भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा. प्याला एवढासा, त्यामुळे सारखं लक्ष ठेवावं लागतं. मी खाली मान घालून बसले होते. माझा प्याला आजींनी भरला.