ट्रॉलीच्या देखभालीत हायड्रॉलिक जॅकचा वापर आणि आधाराचा प्रश्न

शेतमाल, खत, ऊस आणि क्वचित मधमाश्यांच्या पेट्याही वाहून नेणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीची देखभाल बहुधा शेतावरच होते. हबमधील बेअरिंग साफ करून ग्रीस भरणे, टायर बदलणे, पाट्यांचे नट आवळणे या कामांसाठी ट्रॉलीची एक बाजू उचलावी लागते. त्यासाठी हायड्रॉलिक बॉटल जॅक हे सहज मिळणारे साधन आहे. उचलण्याचे काम तो उत्तम करतो. उचललेले वजन माणूस खाली असताना धरून ठेवण्यासाठी मात्र त्याची घडण नाही. बहुतेक अपघातांचे मूळ या फरकाकडे झालेल्या दुर्लक्षात असते.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम या जॅकच्या मुळाशी आहे. पंपाच्या दट्ट्याचा व्यास 1 सेंमी आणि वर सरकणाऱ्या दट्ट्याचा 4 सेंमी असेल, तर क्षेत्रफळ 16 पट होते आणि बलही 16 पट वाढते. दांड्याच्या तरफेने आणखी 15 पट लाभ मिळाला, तर हाताने लावलेल्या 20 किलो जोराचे सुमारे 4800 किलो होतात. घर्षणामुळे प्रत्यक्षात काहीसे कमी. हे सारे वजन मग तेलाच्या एका लहानशा स्तंभावर उभे राहते. तेल मागे फिरू नये म्हणून आत पोलादी गोळीची झडप आणि रबरी सील असतात. झडपेच्या बैठकीत मातीचा एक कण अडकला किंवा सील झिजले, तर तेल झिरपते आणि ट्रॉली हळूहळू खाली बसते. सील फुटले तर हळूहळूसुद्धा नाही. जॅकमध्ये ब्रेकचे तेल कधीही घालू नये. त्याने सील खराब होतात.

दुसरा प्रश्न जमिनीचा. दोन टन भार 12 सेंमी बाजूच्या चौरस तळावर आला, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 14 किलो दाब पडतो. ओलसर काळ्या जमिनीत असा जॅक रुततो, आणि तोही एका बाजूला कलत. 45 सेंमी बाजूची जाड फळी खाली घातल्यास हाच दाब एका किलोच्या आसपास येतो. फळी मात्र पुरेशी जाड हवी. पातळ फळी मध्येच वाकते आणि भार पसरत नाही.

उचलल्यानंतर चॅसीखाली किंवा अॅक्सलखाली लोखंडी स्टँड लावून भार त्यावर उतरवावा, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. प्रत्यक्षात स्टँडऐवजी बांधावर पडलेला लाकडी ठोकळा उचलला जातो, आणि येथे कीटकशास्त्राचा थेट संबंध येतो. वाळवी मातीतून लाकडात शिरते, आतला भाग खाते आणि बाहेरचे पातळ कवच बऱ्याचदा तसेच ठेवते. पावसाळाभर जमिनीला टेकून पडलेला ठोकळा दिसायला धड असतो, पण आत मातीच्या पोकळ्या असतात. असे लाकूड भाराखाली करकरून सूचना देईलच असे नाही. ते एकदम चिरडते. बाभळीच्या ठोकळ्यात आणखी एक भेद पाहावा. आतले लालसर तपकिरी लाकूड टणक असते, तर बाहेरचे फिकट रसकाष्ठ पिठ्या भुंगेऱ्यांना प्रिय असते, कारण त्यात स्टार्च असतो. ठोकळ्याखाली पिठासारखी भुकटी आणि पृष्ठभागावर गोल छिद्रे दिसली, तर तो जळणात टाकावा. हातोडीने सर्व बाजूंनी ठोकून पाहणे ही सोपी परीक्षा आहे: भरीव लाकूड खणखणीत वाजते, पोखरलेले बद्द. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक तर कोणत्याही स्थितीत आधाराला घेऊ नयेत.

बरेच दिवस उभ्या असलेल्या ट्रॉलीच्या चॅसीखाली गांधीलमाश्यांची कागदी पोळी आढळतात. दंशाने दचकलेला माणूस जॅकला किंवा स्टँडला धक्का देऊ शकतो, म्हणून खाली जाण्याआधी टॉर्चने पाहून घ्यावे. ट्रॉलीवर मधपेट्या असतील, तर त्या आधी उतरवाव्यात. जॅकच्या हादऱ्यांनी माश्या चवताळतात.

उचलण्यापूर्वी ट्रॉली रिकामी करून सपाट जागी ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवावी, ट्रॅक्टरचा ब्रेक लावावा आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकाला पुढून-मागून दगड लावावेत. चाकाचे नट टायर जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. उचलल्यावर पान्याला जोर दिला की ट्रॉली डोलते. जॅक सरळ उभा ठेवून अॅक्सलखाली, शक्य तितका चाकाजवळ लावावा आणि चाक जमिनीपासून सुटेल एवढेच उचलावे. मग चाक वर-खाली धरून हलवल्यास बेअरिंगमधील ढिलाई कळते, फिरवल्यास खरखर ऐकू येते.

टिपिंग ट्रॉलीच्या उचललेल्या हौद्याला हेच सारे लागू आहे. तोही तेलावरच उभा असतो, आणि एखादा पाइप फुटला किंवा कोणी चुकून ट्रॅक्टरवरील लिव्हर हलवला, तर क्षणात खाली येतो. त्याखाली जाण्याआधी हौदा रिकामा असल्याची खात्री करून लोखंडी टेकण लावावे आणि ट्रॅक्टरची किल्ली काढून काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावी.