किती वेळा ‘का’ विचारायचं?

चाकणच्या एखाद्या कारखान्यातून गेलेला पार्टचा लॉट गिऱ्हाईक कंपनीने परत पाठवला, की लगेच क्वालिटीच्या टेबलावर एक कागद येतो. त्याला सगळे ‘व्हाय-व्हाय’ म्हणतात. भोक तिरकं का पडलं? फिक्श्चर हललं. का हललं? क्लॅम्प झिजला होता. झिजलेला क्लॅम्प तसाच का राहिला? तो कधी बदलायचा हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. असं एकेक पायरी खाली उतरायचं. ‘ऑपरेटरचं लक्ष नव्हतं’ एवढ्यावर कागद भरला तर तो परत येतो, कारण उद्या त्या मशिनवर दुसरा ऑपरेटर उभा राहील आणि भोक पुन्हा तिरकंच पडेल.

आता हाच कागद एका देशाला आपल्या पराभवाबद्दल भरायचा आहे असं समजा. शत्रू अचानक चालून आला, माणसं मेली, मुलूख गेला. जबाबदार कोण हे शोधायला चौकशी बसते. त्या चौकशीला कितव्या ‘का’पर्यंत उतरू देतात? हे शोधत गेलं की एक विलक्षण गोष्ट दिसते. चौकशीला काय सापडणार हे बरेचदा ती सुरू व्हायच्या आधीच ठरतं, कारण तिने काय विचारायचं हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेलं असतं.

याचा एक जुना दाखला पिंपरीहून लोणावळ्याकडे जाताना वाटेतच लागतो. नोव्हेंबर १७७८ मध्ये राघोबादादांना पुण्याच्या सत्तेवर बसवायला मुंबईहून इंग्रज फौज निघाली. सुमारे ३,९०० सैनिक, दिमतीला हजारो बैल. घाट चढून आल्यावर ती मुंगीच्या पावलांनी सरकत राहिली. मराठे समोर ठाकत नव्हते, बाजूने टोचत होते. कार्ल्याला कॅप्टन स्ट्युअर्ट पडला, लोकांनी ज्याला ‘इष्टूर फाकडा’ म्हटलं तोच. तळेगाव गाठलं तर गाव ओसाड, जाळलेलं. ११ जानेवारी १७७९ च्या रात्री अवजड तोफा तळ्यात ढकलून फौज गुपचूप माघारी फिरली. आपण निसटलो असं तिला वाटत होतं, पण महादजी शिंद्यांच्या लोकांना पत्ता लागला होता. अंधारातच हल्ला झाला आणि वडगावात फौज कोंडली गेली. मग झाला तो वडगावचा तह.

पुढे ईस्ट इंडिया कंपनीने हिशेब मागितला. फौजेचे सेनानी कर्नल एगर्टन आणि कर्नल कॉकबर्न, शिवाय मोहिमेच्या समितीतले जॉन कार्नॅक, तिघांनाही लंडनच्या संचालकांनी नोकरीतून काढलं. पिछाडी सांभाळणाऱ्या कॅप्टन हार्टलीला एकदम लेफ्टनंट कर्नल केलं, त्यावर त्याच्याहून ज्येष्ठ अधिकारी चिडले. पण थोड्याशा सैन्यानिशी आणि बैलांच्या एवढ्या लवाजम्यासह पुण्यावर जायचं हा बेत मुंबईच्या कौन्सिलचा होता. त्या कौन्सिलचे प्रमुख, गव्हर्नर हॉर्नबी, १७८४ पर्यंत त्याच खुर्चीत होते. म्हणजे ‘का’ची उतरंड घाटमाथ्यावर थांबली, खाली मुंबई बेटापर्यंत पोचलीच नाही.

आता १९६२. २० ऑक्टोबरच्या पहाटे नामका चू नदीच्या काठी चिनी हल्ला झाला. तिथे होती आपली सातवी ब्रिगेड, प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी. ब्रिगेड उभी होती ती ठाग ला डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या कडेने लांबवर विखुरलेली, समोर उंचावर शत्रू. हिवाळी कपडे अपुरे, दारूगोळा तुटपुंजा, मागे रस्ता नाही. दोन दिवसांत दळवी चिन्यांच्या कैदेत गेले. महिन्याभरात पूर्वेकडची फळी कोसळली. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी केली आणि त्याच दिवशी यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडून दिल्लीला गेलेल्या या कऱ्हाडच्या माणसापुढे पहिला प्रश्न होता, हे झालं कसं?

नवे सेनाप्रमुख जनरल जयंतनाथ चौधरी यांनी दोन अधिकारी नेमले. जालंधरच्या ११ कोअरचे लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि डेहराडूनच्या लष्करी अकादमीचे कमांडंट ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत.

भगत मूळचे बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे आपल्या शेजारच्या खडकीच्या पलटणीचे. सॅपर म्हणजे सैन्यातला तो जवान, जो सगळ्यांच्या पुढे जाऊन जमिनीतले सुरुंग काढतो. १९४१ च्या फेब्रुवारीत, वयाच्या बाविसाव्या वर्षी, भगत ॲबिसिनियात माघार घेणाऱ्या इटालियन फौजेच्या मागे निघालेल्या तुकडीत सगळ्यात पुढच्या गाडीत होते. सलग ९६ तासांत, ५५ मैलांच्या वाटेवर, त्यांनी सुरुंगांचे १५ पट्टे साफ केले. दोनदा गाडी त्यांच्यासकट उडाली, कानाचा पडदा फाटला, एकदा शत्रूने दबा धरून गोळ्या झाडल्या. बाजूला व्हा म्हटलं तर ऐकेनात, कारण पट्टा ओळखायची पद्धत आता आपल्या हाताला बसलीय, असं त्यांचं म्हणणं. यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धात तो मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी.

अशा माणसाला पराभवाच्या चौकशीला बसवलं यात मला एक खोल अर्थ दिसतो. वरून साफ दिसणाऱ्या जमिनीखाली काय पुरलंय ते हाताने चाचपडत शोधणं हीच त्याची विद्या.

पण कुठली जमीन चाचपायची हे आधीच आखून दिलेलं होतं. प्रशिक्षण, साधनसामग्री, नेतृत्वाची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता आणि हाताखालच्या माणसांवर प्रभाव टाकण्याची अधिकाऱ्यांची कुवत असे पाच विषय. सैन्याच्या मुख्यालयाचं कामकाज त्यात नव्हतं. मंत्री, सचिव, गुप्तचर विभागाचे वरिष्ठ तर नव्हतेच. खरं तर दिल्लीपासून सुरू करून कमांड, मग कोअर, मग नदीकाठचे खंदक असं खाली यायचं, हा सरळ क्रम. तो त्यांना मिळाला नाही. मग त्यांनी काय केलं? कमांड मुख्यालयांपासून सुरुवात केली. आणि इथेच खरी मौज आहे. दिल्लीहून सुटलेला प्रत्येक हुकूम खाली कुठेतरी पोचलेलाच असतो आणि त्याची प्रत तिथल्या फायलीत असते. पाठवणाऱ्याचं दप्तर बंद असलं तरी घेणाऱ्याचं उघडं होतं. त्यातून, चिनी प्रतिकार करणार नाहीत असं गृहीत धरून पुढे चौक्या टाकत जाण्याचं धोरण, आणि ते पेलायला लागणारं सैन्य व रस्ते नसताना ते खालच्यांच्या गळी उतरवणं, हे सगळं कागदावर आलं.

ज्यांची ब्रिगेड बळी गेली ते दळवी मात्र तेव्हा चिनी कैदेत होते. १९६३ च्या मे महिन्यात ते सुटून आले तेव्हा अहवाल तयार होत आला होता. आपली बाजू त्यांनी पुढे ‘हिमालयन ब्लंडर’ या पुस्तकात मांडली.

२ सप्टेंबर १९६३ ला चव्हाणांनी लोकसभेत निवेदन केलं. अहवाल जसाच्या तसा उघड करता येणार नाही, पण सार सांगतो, असा त्याचा सूर. डोंगराळ युद्धाचं प्रशिक्षण अपुरं होतं, माणसं थंडीला आणि उंचीला सरावलेली नव्हती, शत्रूची माहिती मिळायला उशीर होत होता आणि मिळाली तरी ती मोघम असायची, ब्रिगेडच्या वरच्या पातळीवर नेतृत्व कमी पडलं, हे त्यांनी मान्य केलं. नवीन मंत्री, खचलेलं सैन्य, पुढच्या युद्धाची टांगती तलवार. त्या स्थितीत एवढं बोलणंही सोपं नव्हतं. पण धोरणाच्या पायरीवर ते उतरले नाहीत.

ही गोष्ट एकट्या भारताची नाही. १९४१ च्या डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले. रॉबर्ट्स आयोगाने जानेवारीतच तिथले सेनानी ॲडमिरल किमेल आणि जनरल शॉर्ट यांना कर्तव्यात कसूर केल्याबद्दल दोषी धरलं. मग एकामागून एक चौकशा झाल्या आणि प्रश्न हळूहळू वॉशिंग्टनकडे सरकला. १९४६ मध्ये संसदेच्या समितीने या दोघांचा दोष ‘कसूर’ वरून ‘निर्णयातल्या चुका’ इथवर खाली आणला. दोघांना दोषमुक्त करावं असा ठराव अमेरिकेच्या सिनेटने केला तो थेट २५ मे १९९९ ला, ५२ विरुद्ध ४७ मतांनी. योगायोग असा की दुसऱ्याच दिवशी आपल्या हवाई दलाने कारगिलच्या शिखरांवर हल्ले सुरू केले. इस्रायलमध्ये १९७३ च्या युद्धानंतर अग्रानात आयोगाने सेनाप्रमुख एलाझार आणि लष्करी गुप्तचर प्रमुख झेईरा यांना जबाबदार ठरवलं, मंत्र्यांच्या राजकीय जबाबदारीवर मत दिलं नाही. लोक रस्त्यावर आले आणि पंतप्रधान गोल्डा मेयर यांना पद सोडावं लागलं.

कारगिलच्या वेळी आपण वेगळं काहीतरी केलं. संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम यांच्या चार जणांच्या समितीने काही महिन्यांत अहवाल दिला आणि फेब्रुवारी २००० मध्ये तो, काही मजकूर वगळून, संसदेत ठेवला गेला. एका माणसावर बोट न ठेवता तिने यंत्रणेला प्रश्न विचारले. घुसखोरी वेळेत कळली का नाही? माहितीचे तुकडे जोडणारं कुणी का नव्हतं? त्यातून मंत्रिगट बसला आणि तिन्ही दलांसाठी एक संरक्षण दलप्रमुख असावा ही शिफारस झाली. ते पद प्रत्यक्षात यायला २०२० उजाडलं. दोषी अधिकाऱ्यांना यात मोकळीक मिळाली अशी टीका झाली, तीही रास्त आहे. तरी झिजलेल्या क्लॅम्पपाशी पोचलेली चौकशी मला तीच वाटते.

हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल मात्र सरकारने अजून प्रसिद्ध केलेला नाही. २०१० मध्ये संरक्षणमंत्री अँटनी यांनी संसदेत सांगितलं की त्यातला मजकूर आजही लष्करी दृष्ट्या महत्त्वाचा आणि संवेदनशील आहे. मार्च २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने पहिल्या खंडाचा बराचसा भाग जगापुढे ठेवला, मध्ये काही पानं गहाळ. दुसरा खंड, जोडपत्रांचा, गुप्तच आहे. मला खरी ओढ आहे ती त्या दुसऱ्या खंडाची. निष्कर्ष पहिल्यात आहेत, पण ते ज्या पत्रांवर आणि हुकुमांवर उभे आहेत ते पाहायला दुसराच उघडावा लागेल, आणि साठ वर्षांनंतर तो उघडायला हवा.