संखेड्याचे पाय, वर काच

गुजरातमध्ये छोटा उदेपूर जिल्ह्यात, ओरसंग नदीकाठी संखेडा गाव आहे. तिथले खरादी सागवान लेथवर चढवून झोपाळे, सोफे, पाळणे घडवतात. लाल-तपकिरी रंगावरच्या सोनेरी नक्षीमुळे हे काम लांबूनही ओळखू येते. आता याच कातीव पायांवर काच बसवलेली टीपॉय आणि जेवणाची टेबलंही मिळतात.

ही सोनेरी नक्षी सोन्याची नसते. कथलाची पूड सरसात कालवून बारीक कुंचल्याने ती हाताने रंगवतात, वाळल्यावर अकिकाच्या दगडाने घासतात. तोवर ती चांदीसारखी पांढरी दिसते. मग लाकूड लेथवर गरगर फिरत असताना लाखेची कांडी त्यावर दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते आणि तिच्या पिवळसर थराखाली कथील सोनेरी होते. शेवटी केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. इतकी मेहनत घेतलेला पाय मेजपोशाखाली झाकून ठेवणे म्हणजे अन्यायच. काचेतून तो वरूनही दिसतो.

शिवाय उष्णतेने वितळणाऱ्या लाखेवर चहाचा गरम कप ठेवणे बरे नव्हे. काचेला त्याचे काही वाटत नाही.

गंमत अशी, की काचेच्या जन्मातही कथील आहे. पूर्वी सपाट जाड काच हवी तर ती दोन्ही बाजूंनी घासून चकचकीत करावी लागे. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली नवी पद्धत जाहीर केली: वितळलेली काच वितळलेल्या कथलावर तरंगत पसरवायची. दोन्ही पृष्ठभाग आपोआप गुळगुळीत होतात. आज घरोघरची काच बहुतेक अशीच बनते.

जोडी देखणी असली, तरी सुताराचा कस इथे जास्त लागतो. लाकडी फळी पायांना एकमेकांशी बांधून ठेवते; काच नुसती वर बसते. तिला खिळा मारता येत नाही. म्हणून पाय जोडणारी चौकट किंवा आडवे दांडे भक्कम हवेत. चार पायांची उंची तंतोतंत सारखी हवी, नाहीतर काच डुगडुगते. वजनही थोडे नसते: चार फूट बाय दोन फुटांची १२ मिलिमीटर जाडीची काच सुमारे २२ किलो भरते. लाकूड आणि काच यांच्यामध्ये पारदर्शक रबरी बटणे लावली, की ती सरकत नाही आणि लाखेवर ओरखडेही पडत नाहीत.

लहान मुले असलेल्या घरात टफन्ड काचच घ्यावी. ती ६०० अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली असते. साध्या काचेपेक्षा ती कितीतरी मजबूत असते, आणि फुटलीच तर सुऱ्यांसारखे तुकडे न होता बोथट खडे होतात. मात्र टफन्ड झालेली काच पुन्हा कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. त्यामुळे आधी पाय आणि चौकट उभी करून घ्यावी, काचवाल्याला माप नंतर द्यावे.