मोटारीच्या तापाचे निदान

ताप हा रोग नसून रोगाचे लक्षण होय, ही गोष्ट आपल्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना कोणी शिकवावी लागत नाही. नातवाचे अंग तापले की आजी प्रथम विचारते : ताप सकाळी असतो की तिन्हीसांजेला? थंडी वाजून येतो का? पोटात काय गेले होते? औषध त्यानंतर. आपल्या प्राचीन वैद्यकात तर केवळ रोगनिदानाला वाहिलेला 'माधवनिदान' हा स्वतंत्र ग्रंथच आहे. परंतु घरची मोटार तापू लागली की हा सारा विवेक आपण बाजूस ठेवतो. "जे बिघडले असेल ते बदलून टाका," असे गॅरेजवाल्यास सांगून मोकळे होतो. मग एकेक भाग बदलला जातो, बिले वाढत जातात आणि मोटार तापतच राहते. वास्तविक या तापाच्या निदानाची रीत कोणाही विचारी माणसाला कळण्याजोगी आहे. ती आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या शक्तीपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांशच गाडी चालविण्याच्या कामी येते. जवळजवळ तितकीच उष्णता धुराबरोबर बाहेर जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत उतरते. ती काढून घेण्यासाठी इंजिनातील पोकळ्यांमधून पाणी व कूलंट यांचे मिश्रण पंपाच्या साहाय्याने फिरत असते. तापलेले मिश्रण गाडीच्या तोंडाशी असलेल्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाते, समोरचा वारा त्यास निववितो आणि ते पुन्हा इंजिनाकडे परतते. गाडी उभी असताना वाऱ्याचे काम पंखा करतो. या वाटेवर थर्मोस्टॅट नावाचा एक दरवान बसलेला असतो. इंजिन थंड असेपर्यंत तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि साधारणतः ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ती उघडतो.

या साखळीतील सर्वांत दुर्लक्षित दुवा म्हणजे झाकण. स्वयंपाकघरातील प्रेशर कुकर ज्याने पाहिला आहे त्याला झाकणाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. आमचे इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने येथे उघड्या भांड्यातील पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळू लागते. रेडिएटरचे झाकण आत दाब राखून हा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या घरात नेते. झाकणाचे रबर झिजले की कुकरची शिट्टी न होता वाफ कडेने निसटावी तसे होते. दाब राहत नाही आणि बाकी सारे ठीक असूनही मिश्रण लवकर उकळते. शे-दोनशे रुपयांच्या या वस्तूकडे पाहण्याआधी हजारोंचे भाग बदलणे शहाणपणाचे नव्हे.

आता निदानाकडे वळू. पहिला प्रश्न : कूलंट कमी होते काय? सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना टाकीवरील खुणेशी पातळी ताडून पाहावी. ती दिवसेंदिवस उतरत असेल तर गळती आहे. गाडीखालचा ओलावा, नळ्यांच्या सांध्यांवरील पांढुरका वा रंगीत थर आणि पंपाखालचे ओघळ पाहावेत. पातळी स्थिर असूनही गाडी तापत असेल, तर दोष बहुधा मिश्रणाच्या फिरण्यात किंवा निवण्यात आहे.

दुसरा प्रश्न अधिक मोलाचा : गाडी कधी तापते? बाजारातील गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर संशय पंख्यावर घ्यावा. मोटारीतील वातानुकूलन चालू केले की बहुतेक गाड्यांत पंखा फिरू लागतो. तो न फिरल्यास फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने पाहावे. याउलट गावात ठीक चालणारी गाडी चढावर किंवा वेगात तापत असेल, तर पंखा निर्दोष समजावा. तेथे रेडिएटर चोंदलेला असतो किंवा पंप क्षीण झालेला असतो. सकाळी सुरू केल्यावर थोड्याच मिनिटांत काटा चढू लागला आणि रेडिएटर मात्र थंडच राहिला, तर दरवान झोपला आहे असे जाणावे. म्हणजे थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला आहे, किंवा नळ्यांत हवा कोंडली आहे.

या रीतीचा प्रत्यय आम्हांस घरच्या मोटारीवरूनच आला. माळव्याच्या पठारावरून ओंकारेश्वरास जाताना भेरूघाट उतरावा लागतो आणि परतताना तोच चढावा लागतो. आमची जुनी घेतलेली मोटार जाताना निमूट असे, परतीच्या चढावर मात्र तिचा काटा लाल रेघेशी जाई. शहरातील एका गॅरेजने थर्मोस्टॅट बदलला आणि दुसऱ्याने पंख्याची मोटर बदलली. सहा हजारांवर रुपये गेले, तरी घाटातला ताप कायम होता. पुढील आठवड्यात वृद्ध मातोश्रींना घेऊन त्याच वाटेने जावयाचे असल्याने चिंता केवळ पैशाची राहिली नव्हती. अखेर एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी हत्यारास हात लावण्यापूर्वी विचारले, "माट्साब, पहले ये बताइए, गरम कब होती है?" केवळ चढावर तापते आणि पाणी कमी होत नाही, हे ऐकताच त्यांनी तापमापक यंत्र रेडिएटरवर रोखले. वरचा भाग चांगलाच तापलेला आणि खालचा कोपरा जवळजवळ थंड! पूर्वीच्या मालकाने बोअरवेलचे जड पाणी भरल्यामुळे क्षाराचे थर साचून कित्येक नळ्या बुजल्या होत्या. सपाटीवर उरलेल्या नळ्या पुरत, चढावर पुरत नसत. रेडिएटर बदलला, योग्य कूलंट भरले, आणि त्यानंतर मातोश्रींसह घाट चढताना काटा मध्यावरून हलला नाही.

यांपैकी कशानेच उलगडा होत नसेल, तर एक गंभीर शक्यता उरते, ती हेड गॅस्केट फुटल्याची. बाहेर गळती नसताना कूलंट आटणे, इंजिन चालू असता टाकीत सतत बुडबुडे येणे, इंजिन तापल्यावरही मागून गोडसर वासाचा पांढरा धूर निघणे, तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसणे ही तिची चिन्हे होत. थंडीत क्वचित दिसणारी थोडी साय मात्र केवळ दवाची असू शकते. खात्रीसाठी एक रासायनिक चाचणी आहे. टाकीतील वायू निळ्या द्रवातून जाऊ देतात. जळणाचा वायू त्यात मिसळला असेल तर पेट्रोल गाडीत तो द्रव पिवळा होतो. इंजिन उघडण्याचा मोठा खर्च मान्य करण्यापूर्वी ही चाचणी आग्रहाने करवून घ्यावी.

प्रवासातच काटा चढू लागला तर वातानुकूलन बंद करावे आणि हीटर पूर्ण उघडावा. अंगाची काहिली होईल खरी, पण तितकी उष्णता इंजिनातून निघून जाईल. काटा लाल रेघेस पोहोचला की गाडी कडेस घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. "पुढचे गाव दोनच मैल आहे" या विचाराने गाडी रेटल्यास अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते आणि शेकड्यांचे काम हजारोंवर जाते. झाकण मात्र कदापि तत्काळ उघडू नये. दाब सुटताच शंभर अंशांवरील मिश्रण कारंज्यासारखे उसळते आणि तोंड-हात भाजतात. तासभर थांबावे, नळी हाताला थंड लागली म्हणजेच जाड फडके धरून हळूहळू फिरवावे. तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, धातूस तडा जाण्याचे भय असते. कूलंट चवीला गोड पण विषारी असते, म्हणून त्याचा डबा मुलांपासून दूर ठेवावा आणि सांडलेले धुऊन टाकावे.

गॅरेजमधील माणूस आपली गाडी अर्धा तास पाहतो, आपण ती वर्षभर पाहतो. म्हणून गाडीत एक लहान वही ठेवावी. गाडी तापली ती तारीख, जागा, चढ की सपाटी, सुरू केल्यापासून किती मिनिटे झाली, वातानुकूलन चालू होते की बंद, कूलंटची पातळी किती, एवढेच लिहावे. चार नोंदी झाल्या की मिस्त्रींपुढे ती वही ठेवावी आणि एखादा भाग बदलण्यापूर्वी "हाच दोष कशावरून?" एवढे नम्रपणे विचारावे. जाणता मिस्त्री या प्रश्नाने रागावत नाही, उलट नोंदी वाचून त्याचे काम हलके होते.